बहिऱ्याची समाधी

मी लोकांना फसवलं होतं, हे आधीच कबूल करतो. भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तेव्हा मी रिवेट ठोकणाऱ्या गँगमध्ये होतो. त्या दणदणाटात दोन वर्षांत कान गेले. कोणी बोललं तर गोधडीखालून बोलल्यासारखं वाटायचं. पण कामगार वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या भजनी मंडळात मृदंग माझा होता, आणि तो सुटला असता तर माझ्याजवळ राहिलं काय असतं? म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. बुवांचे ओठ आणि टाळकऱ्यांचे हात पाहून वाजवत गेलो.

एका एकादशीला वाजवता वाजवता डोळे मिटले आणि फजिती झाली. भजन संपलं, टाळ थांबले, अन् मी आपला एकटाच वाजवून राहिलो. डोळे उघडले तर सगळी मंडळी हात जोडून उभी. त्यांना वाटलं, माझी समाधी लागली. भंडाऱ्याकडची म्हातारी बयाबाई तर चक्क माझ्या पाया पडली. मी नालायक, गप्प बसलो. घरी बायको कानाशी तोंड आणून ओरडली, "देवापुढं कावून खोटं वागून राह्यले? सांगून टाका नं."

गोपाळकाल्याच्या दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. समाधीवाल्याला पाहायला लोक पार भिलाई-तीनच्या वस्तीहून आले होते. बुवांच्या पुढ्यात माणसं उभी राहिली आणि मला ना ओठ दिसेनात, ना टाळ. मनात म्हटलं, देवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच पाहा. मान वर केली तर मांडवाच्या खांबाशी एक अनोळखी खलाशी, म्हणजे क्रेनला तुळया बांधणारा गडी, ग्रीसनं माखलेला सदरा, माझ्याकडेच पाहत होता. क्रेनवाल्याला खालून खूण करतात, तसं त्याचं बोट वर गोल फिरलं. म्हणजे उचल. मी लय उचलली. बोट खाली वळलं, मी लय उतरवली. काय सांगू! ज्या खुणेवर रोज लोखंडी तुळया चढायच्या, तिच्यावर माझा मृदंग चढत होता, आणि नाचणाऱ्यांचा ठेका जमिनीतून माझ्या मांडीत शिरत होता. कान धड होते तेव्हाही मी असं वाजवलं नव्हतं. शेवटी त्यानं मूठ आवळली. थांब. माझा हात आणि टाळ एकदमच थांबले.

लोक पुन्हा हात जोडायला लागले, तसा मी उठलो. "मले ऐकू येत नाही. त्या दिवशी समाधी नव्हती लागली. मी बहिरा आहो." बयाबाई पुढे आली, माझे दोन्ही हात धरले आणि मला दिसावं म्हणून सावकाश ओठ हलवत म्हणाली, "कानाच्या पाया कोण पडते, बाबू? वाजव." बुवा आपली जागा सोडून माझ्यासमोर येऊन बसले.

त्या खलाशाला मी आठ दिवस शोधलं. कोणी ओळखत नव्हतं. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. त्या दुपारपर्यंत मी देवापुढे वाजवत होतो, पण स्वतःला त्याच्या हाती दिलं नव्हतं, एवढं मला कळलं. कान त्यानं परत दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. मंडळात नवा माणूस आला की आता मीच आधी सांगतो, मी बहिरा आहो, बोट दाखवत जा. सांगताना हसू येतं.