फोन झोपला होता

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. फक्त आधी कप खाली ठेवा.

आमच्या घराचं दार नवं दिसतंय ना? ते एका फोनपायी बदलावं लागलं. फोन माझा, अक्कल माझी, आणि पहार शेजारच्या सुभेदारांची!

मी कडेगावात गणित शिकवतो. माझी बायको मंगल गेली, त्यानंतरची ती पहिली उन्हाळ्याची सुट्टी. शाळा बंद, घरात मी एकटा. माणसानं वेळ घालवायचा तरी कसा? मी एक फोन मागवला. साधा नव्हे, खुला. म्हणजे कसा, तर त्यात कोणती व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, चालवायची ते आपण ठरवायचं. लिनक्स नावाची एक फुकटची व्यवस्था असते, आणि तिचे दहा-वीस अवतार. एकेका मेमरी कार्डावर एकेक अवतार भरायचा, कार्ड खोचायचं आणि फोन चालू करायचा. नाही पटला, तर कार्ड बदलायचं. दिवस कसा जातो कळत नाही. मला तर तेच हवं होतं.

पहिल्या अवतारात पडदा उलटा दिसायचा. दुसऱ्यात आवाज नव्हता. तिसऱ्यात सगळं होतं, फक्त तो सुरूच होत नव्हता. चौथा मात्र देखणा निघाला! मी जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढून त्यात घातलं.

आता फोन लागतो का, हे बघायला नको? पण लावणार कुणाला? नंबर सगळे जुन्या फोनात. पाठ असलेला एकच. लावला.

कपाटात साड्यांच्या खाली फोन वाजला. दर महिन्याला मी त्यात रिचार्ज करतो, दोन-तीन दिवसांनी चार्जिंग करतो आणि परत ठेवून देतो. कशासाठी, ते विचारू नका. कपाट उघडलं. पडद्यावर माझं नाव उमटलं होतं, तिनं साठवलेलं: 'अहो'.

थोडा वेळ वाजू दिला. मग बंद केला, आणि वहीत लिहिलं, 'कार्ड चार. फोन उत्तम चालतो.'

इथंच घोटाळा झाला, मंडळी!

आता आमच्या अक्काची रीत सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, फलटणला असते. मंगल गेल्यापासून रोज सकाळी सात वाजता तिचा मिस कॉल यायचा. उचलायचा नाही. लगेच उलटा मिस कॉल द्यायचा. म्हणजे दोघंही जिवंत! बोलायचं काही नाही. बोलायला गेलं की दोघांचाही आवाज बिघडायचा.

मंगळवारी सात वाजले. मिस कॉल नाही. सव्वासात. साडेसात.

म्हटलं, विसरली असेल. मीच द्यावा का? छे! पहिला तिचा, मग माझा, असं ठरलेलं. सबंध दिवसात दुसऱ्याही कुणाचा फोन आला नाही. बुधवारीही तेच. मी चहा घेता घेता स्वतःशी म्हटलं, झालं, वर्षाच्या आत लोक विसरतात ते असं. रागारागानं पाचवं कार्ड काढलं. आवाज तपासायला कानांत हेडफोन घातले, खिडकीकडं पाठ केली आणि पडद्यावरची रेघ सरकायची वाट बघत बसलो. रेघ शेवटच्या घरात अडकली. मी श्वाससुद्धा रोखला.

त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं.

अक्कानं दोन दिवस फोन लावलावून शेवटी सुभेदारांना लावला. सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी. ते फोन कानाला लावूनच खिडकीशी आले.

"ओ सर! सर, ओ!"

मी कसला ऐकतोय!

"अक्का, सर खुर्चीत बसल्यात. मान खाली हाय. हाक मारली तर ओ देत न्हाईत."

"हालत्यात का?"

"न्हाई."

अक्कानं तिकडं हंबरडा फोडला, जीप ठरवली आणि निघाली. सुभेदारांनी इकडं पहार आणली.

माझी रेघ एकदाची सरकली, आणि त्याच क्षणी मानेवर मागून दोन थंडगार बोटं टेकली. मी असा ओरडलो की नाडी बघायला आलेले सुभेदार पहारीसकट खाली बसले. दाराच्या जागी ऊन दिसत होतं.

"आवं, जित्ते हायसा की!" ते म्हणाले. जरा चिडूनच.

दुपारी अक्का उतरली. डोळे सुजलेले. आल्या आल्या माझ्या पाठीत एक धपाटा.

"मेला न्हाईस व्हय रं?"

"न्हाई, अक्का."

"मग फोन का उचलंना झालास?"

"फोन झोपला होता. म्हणजे बॅटरी वाचवायला तो झोपतो. आणि झोपेत आलेला फोन त्याला कळतच न्हाई."

"चाळीस डाव लावला मी! दोन दिवसांत कुणाचा फोन न्हाई आला, तरी तुला काय वाटलं न्हाई?"

"वाटलं की. तू विसरलीस असं वाटलं."

अक्का बघतच राहिली. "गणिताचा मास्तर तू! फोन चालतोय हे कशावरनं ठरवलंस?"

"लावून बघितला ना."

"कुणाला?"

मी कपाटाकडं पाहिलं. अक्कानंही पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जातोय का ते बघितलंस, बाळू. येतोय का, ते बी बघायचं असतंय."

आणि चहा ठेवायला आत गेली.

जाताना नवा नियम करून गेली. मिस कॉल बंद. सातला फोन येणार, तो उचलायचा आणि चहा उकळेपर्यंत बोलायचं. नाही उचलला, तर सुभेदारांना परवानगी.

मी शहाण्यासारखं सिम जुन्या फोनात परत घातलं. पण खोड जाते का? महिन्याभरात सातव्या कार्डापर्यंत पोचलो, रात्री सिम पुन्हा खुल्या फोनात घातलं, आणि सकाळी सातच्या ठोक्याला, काय सांगू, झोपलेला फोन जागा झाला! टेबलावर थरथरत, उजळत, खणखणीत वाजला! पडद्यावर 'अक्का', रात्रीच मी हातानं भरलेलं नाव. इतक्या खटपटीनंतर त्या घरात माझ्यासाठी काहीतरी वाजत होतं. मी हात जोडून समोर बसलो आणि ऐकत राहिलो. किती गोड वाजतोय, किती वेळ वाजतोय...

थांबला.

तेव्हा लक्षात आलं, उचलायचा राहिला!

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "सर, दारापासनं बाजूला व्हा!"