बाकाच्या टोकावरचा रुमाल

मी टेस्टिंगमधला माणूस आहे. गेली पंधरा वर्षं लोकांना "पुन्हा करून दाखव" म्हणत त्यांचं सॉफ्टवेअर परत पाठवतोय. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं माझं साधं मत. गप्पांत भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठतो. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण धड झोप लागत नाही, मीटिंगमध्ये लक्ष नसतं... शेवटी माझी बायको मुग्धा म्हणाली, "एकदाचं लिहून काढ, पण घरात येरझाऱ्या घालू नकोस." म्हणून लिहितोय.

आम्ही जर्मनीत, बोब्लिंगेनला राहतो. गेल्या वर्षी पुण्यात माझे बाबा गेले. हॉस्पिटलात होते, आईनं फोन केला होता, आणि मी म्हणालो होतो, "शुक्रवारी निघतो." शुक्रवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज अडकलं. मी तिकीट रविवारवर ढकललं. बाबा शनिवारी सकाळी गेले.

त्यावर आई मला एका शब्दानं बोलली नाही. या शरद ऋतूत तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे आली तरीही नाही. स्वयंपाक करायची, नातीचे केस विंचरायची, आणि मी समोर बसलो की काहीतरी काम काढून उठायची. निदान मला तरी तसं वाटायचं. ती परत जायच्या आत एकदा तरी तिनं मला शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटत होतं. स्वतःहून विषय काढायची मात्र हिंमत नव्हती.

आमच्यापासून गाडीनं पाऊण तासावर एका छोट्या गावात जुना राजवाडा आहे, आणि त्यात राजघराण्याचं खासगी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. दर पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी पाचला तिथे धार्मिक संगीताची कॉन्सर्ट असते. कधी कॉयरचं समूहगान, कधी नुसता ऑर्गन. आईला गाण्याची आवड, म्हणून मी चार कॉन्सर्टची तिकिटं काढली. चौथी ती गेल्यानंतर होती, पण संच चारचाच मिळत होता.

चॅपल लहान आहे. वर काचेच्या खिडक्यांचा सज्जा, तिथे पूर्वी राजा बसायचा. खाली लाकडी बाकं, इतकी अरुंद की गुडघे समोरच्या पाठीला टेकतात. जागांना नंबर नाहीत, जो आधी येईल तो बसेल. आणि शेवटपर्यंत टाळी वाजवायची नाही.

पहिल्या रविवारी मी लांबूनच आईला एक बाक दाखवलं आणि कार्यक्रमपत्रिका आणायला गेलो. तिचा गुडघा दुखतो, ती सावकाश पोचली असणार. परत येऊन बघतो तर आई टोकापासून दुसऱ्या जागेवर बसलेली, आणि टोकाच्या जागेवर रुमाल. निळ्या चौकड्यांचा, नीट घडी केलेला.

मला कळायचं ते कळलं. बाबा कुठल्याही मैफलीला तासभर आधी जायचे आणि शेजारच्या खुर्चीवर असाच रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरायचे. मी कायम उशिरा पोचायचो. कित्येकदा जायचोच नाही. कोणी "इथे कोण आहे?" विचारलं की ते म्हणायचे, "येईल तो." एवढे दोनच शब्द, आणि मग कोणाची छाती होत नसे तिथे बसायची.

म्हणजे आता आई बाबांसाठी जागा धरतेय, असं मी समजलो. लोक बाहेर उभे आणि आपण जागा अडवून बसलोय याची लाज वाटली, पण तिला काय बोलणार? मी गुपचूप तिच्या पायांवरून सरकत पलीकडे जाऊन बसलो. तासभर कॉयर काय गात होता देव जाणे, मी त्या रुमालाकडे बघत होतो. शेवटी सगळे टाळ्यांसाठी उभे राहिले, मी आईला कोट घालायला मदत केली, तोवर रुमाल तिथे नव्हता. तिनं पर्समध्ये टाकला असेल.

दुसऱ्या वेळीही तेच. मी पत्रिका आणायला गेलो, आलो, रुमाल होताच. तेव्हाही बोललो नाही. आईनंही माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

तिसरी कॉन्सर्ट. आईचं विमान त्या शुक्रवारी होतं. निघता निघता ऑफिसचा फोन आला, रविवारी! मी घेतला. अर्धा तास गेला. आई सँडल घालून दारात उभी होती, काहीच बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. राजवाड्यापाशी पोचलो तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं होती. तिला फाटकाशी उतरवलं आणि पार्किंग शोधत बसलो. जागा कुठेच नाही. धावत परत आलो तोवर दार बंद, आत ऑर्गन सुरू.

दारावर तिकिटं बघणाऱ्या एक पिकल्या केसांच्या बाई असतात. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. उशिरा येणाऱ्याला दोन रचनांच्या मधेच आत सोडायचं, असा तिथला नियम. मी हळूच म्हणालो, "जागा उरली नसेल ना?"

"तुमची आहे," त्या म्हणाल्या. "ते गृहस्थ म्हणाले, एअर कॉम्ट नोख."

एअर कॉम्ट नोख. म्हणजे — येईल तो.

कोण गृहस्थ, हे विचारायच्या आत ऑर्गन थांबला आणि त्यांनी मला आत ढकललं. चॅपल खच्चून भरलेलं. भिंतीला टेकून लोक उभे होते. एकच जागा रिकामी होती — आईशेजारी, बाकाच्या टोकाला, रुमालाची. या वेळी पलीकडे जायला वाव नव्हता. मी रुमाल उचलला आणि बसलो.

तो पूर्ण वेळ माझ्या मुठीत होता. कडक इस्त्रीचा. एका कोपऱ्यात अंगठ्याला दोऱ्याचा टाका लागत होता. आणि लवंगेचा वास येत होता. घसा धरतो म्हणून बाबा खिशात लवंगा ठेवायचे. मी स्वतःला समजावलं की आईनं आठवण म्हणून तसाच जपलाय. शेवटी टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि चेन लावली. चेन लावलेली मला पक्की आठवतेय.

गाडीत बसल्यावर मी चेन उघडत म्हणालो, "आई, तुझा रुमाल घे."

खिसा रिकामा होता.

"माझा?" आई म्हणाली. "तो तूच टाकतोस ना?"

"मी?"

"पहिल्या दिवशी मी बाकापाशी आले तर आधीच टाकलेला होता. मला वाटलं, ह्याला बाबांची आठवण येतेय. विचारलं तर तुला रडू येईल, म्हणून गप्प बसले. आज तू बाहेरच होतास, तर वाटलं दारावरच्या बाईंकडून टाकून घेतलास."

तिला वाईट वाटेल म्हणून मी गप्प, मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प! मी सगळे खिसे उलटे केले, सीटखाली टॉर्च मारला. तेव्हा आईनं विचारलं,

"कोपऱ्यात टाका होता का रे? लाल?"

रंग मी बघितला नव्हता. टाका होता, एवढं म्हणालो.

"धोब्याकडे बदलू नये म्हणून मीच घातला होता." मग तिनं पर्स बाजूला ठेवली. "निखिल, तुला सांगितलं नाही मी. हॉस्पिटलात पलंगाशेजारी एकच खुर्ची होती. त्यावर त्यांनी तो रुमाल टाकायला लावला. मला बसू देईनात, नर्सला बसू देईनात. म्हणे, येईल तो. दोन दिवस मी स्टुलावर काढले."

मी टॉर्च बंद केला.

"चिडले नव्हते रे. तुझी सवय माहीत होती त्यांना." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि तो रुमाल नेताना मीच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. सगळ्यांच्या देखत. त्यांच्याबरोबरच गेला तो."

त्या पार्किंगमध्ये मी लहान मुलासारखा रडलो. आईही रडली, वर्षभरानं, आणि मग तिनं मला खरंच चार शिव्या घातल्या. शुक्रवारी तिला विमानतळावर सोडलं.

चौथ्या कॉन्सर्टला, गेल्या रविवारी, मी एकटा गेलो. चारला पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा एक तास आधी! दारावरच्या बाईंना विचारलं, मागच्या वेळी ते गृहस्थ कोण होते? त्या गोंधळल्या. इतकी माणसं येतात, म्हणाल्या, कुठलं लक्षात राहणार... वयस्कर होते बहुतेक. बहुतेक!

मी त्याच बाकापाशी गेलो. रुमाल नव्हता. वाकून बाकाखाली बघितलं, समोरचं, मागचं बाक बघितलं. कुठेच नव्हता. मी वेळेवर आलो होतो, मग कोण कशाला जागा धरेल?

असा विचार मी करतोय हेच मला पटत नव्हतं. आईला वेड लागलंय का, मला लागलंय का, की आम्ही दोघांनी मिळून एक रुमाल कल्पनेत घडी केला? मग तो माझ्या मुठीत काय होता? मला आजही सांगता येत नाही. सगळ्या शक्यता लिहून काढल्यात, एकही टिकत नाही.

हळूहळू चॅपल भरलं. मी टोकापासून दुसऱ्या जागेवर बसलो होतो. पाच वाजायला आले तशा त्या बाई एका माणसाला घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बोट दाखवून विचारलं, ही जागा मोकळी आहे का?

तिथे माझा पांढरा रुमाल होता. कधी टाकला ते आठवतं, का टाकला ते विचारू नका.

"नाही," मी म्हणालो. "येतील ते."