फक्कीताईच्या दोन लेन

विद्यापीठाच्या जुन्या स्टेडियममध्ये धावपट्टीच्या रेघा आखायचं काम आधी तिच्या वडिलांकडे होतं. ते गेल्यावर तिने अर्ज केला, तेव्हा क्रीडाधिकारी हसले.

"बाईमाणसाला मैदान झेपायचं नाही."

"मैदानाची तशी तक्रार आलीय का?"

नोकरी मिळाली आणि ती सगळ्यांची फक्कीताई झाली. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, चुन्याची फक्की सोडत चारशे मीटर चालायचं. वळणावरसुद्धा तिची रेघ कधी ढळली नाही. मुलींची पहिली शर्यत झाली त्या दिवशी लाकडी पायऱ्यांवरून काही टोणगे शिट्ट्या मारत होते. "एवढा दम असेल तर या खाली," म्हणत तिने मैदानाचा जड रोलर ओढायला त्यांच्यापुढे उभा केला. अर्ध्या फेरीत सगळ्यांची जिरली.

नवरा बसचालक. तो चिडवायचा, "तुझं लग्न नक्की झालंय कुणाशी?"

"आधी मैदानाशी. तुम्ही नंतर आलात."

पुढे गावाबाहेर नवं स्टेडियम झालं, जुन्याचं वाहनतळ करायचं ठरलं आणि तिची बदली ग्रंथालयात झाली. दहा वाजता ती पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवायला हजर असे, पण त्याआधी पहाटे सहाला मैदानावर रेघा आखत असे. रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिका, निवृत्त पोस्टमन, शेजारच्या शाळेतल्या मुली, सगळे तिच्या रेघांमधून पळत.

कुलसचिवांनी बोलावून सुनावलं, "ते आता स्टेडियम नाही, वाहनतळ आहे."

"गाड्या येतील तेव्हा बघू. सध्या माणसं पळतायत."

फक्कीच्या खोलीला कुलूप लागलं. नवरा चुन्याचं पोतं घेऊन आला आणि दोरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

लाकडी पायऱ्यांचा स्टँड पाडलाच. ती जागची हलली नाही, पण डोळ्यांतलं पाणी लपवलंही नाही. धावपट्टीवर डांबराचा रोलर आला त्या सकाळी मात्र चाळीसएक जण थांबेचनात, पळतच राहिले. रोलरचालकाने इंजिन बंद करून जेवणाचा डबा उघडला. असे चार दिवस गेले. शेवटी कुलसचिवांनी कडेच्या दोन लेन सोडायचं कबूल केलं, तेही फक्त शंभर मीटर.

"आभार तरी माना," ते म्हणाले.

"दोन ठेवल्यात म्हणून? सहा घेतल्यात त्याचं काय?"

वाहनतळ सुरू झालं त्या सकाळी ती शंभर मीटरवर थांबली नाही. रेघ तशीच डांबरावर चढवली आणि पहिल्या गाडीच्या चाकाला नेऊन टेकवली.