भिंतीतून येणारा दादाचा आवाज

पावस गावातल्या घरी आज ओल्या चिऱ्याचा वास आला आणि पंच्याऐंशी सालची एक दुपार आठवली. बोटीवर नोकरी करणाऱ्या दादाने खास भिंतीला टेकवून ठेवायचे स्पीकर आणले होते. पत्राऐवजी तो कॅसेटवर बोलून पाठवी. आई भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऐके. आवाज तिच्या अंगातून हळूहळू झिरपत जाई.

त्या वर्षी एकच कॅसेट आली होती. माझ्या हातून चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि ती सगळी पुसली गेली.

“काय रे, बोलत का नाही तो?”

“भिंतीला ओल आलीय, आई. त्यामुळे स्पीकर बंद पडलेत.”

“मग सुकवूया हो भिंत.”

ओल नव्हतीच. तरी आई रोज भिंतीशी शेगडी ठेवून बसे, आणि निखारे मीच आणून देत असे.