धाकट्या जावेचं व्याकरण

माझी आई आक्काबाई ही आमच्या घराण्यातली पहिली मास्तरीण. अध्यापन विद्यालयाची दोन वर्षं पुरी करून ती बाहेर पडली, तेव्हा सिन्नरकडच्या तिच्या गावात लोकांनी तिला वेशीपासून घरापर्यंत वाजत नेलं होतं. लग्न होऊन ती नाशिकरोडला आली. माझे वडील भिमाजी छापखान्यात कारकून होते. आईला प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि कॉलनीत सगळे तिला ‘बाई’ म्हणू लागले. या ‘बाई’ शब्दावर तिचा फार जीव. आणि आपल्या शुद्ध बोलण्यावर त्याहून जास्त.

त्र्याहत्तर साली माझ्या काकाचं, चिमाजीचं लग्न झालं. काका रेल्वेत होता, रोज गाडीने मनमाडला जाऊन येऊन करायचा. त्याची बायको झुंबर इगतपुरीजवळच्या खेड्यातली. भाताची लावणी करत करत सातवीपर्यंत शिकलेली. पहिल्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, “मला पानी लय लागतं.”

“पाणी,” आई म्हणाली. “आणि लय नाही, खूप.”

सगळे हसले. झुंबरकाकीही हसली. त्यानंतर तीन वर्षं आई तिची वाक्यं ताटातल्या खड्यासारखी वेचून बाजूला काढायची. काकी मान हलवायची आणि सुधारलेला शब्द ओठातल्या ओठात पुन्हा म्हणायची. त्यात आईला काही वावगं वाटलं नाही. तिच्या मते ती काकीचं भलंच करत होती.

मी तिसरीत गेले तेव्हा आईने मला घरी व्याकरण शिकवायला घेतलं. शाळेतली साठ पोरं सांभाळून ती संध्याकाळी दमून यायची आणि मला समोर बसवून विभक्तीचे प्रत्यय घोकून घ्यायची. स, ला, ते. ने, ए, शी. मी अडखळले की तिचा आवाज चढायचा, आवाज चढला की मी रडायचे.

एका दुपारी आई शाळेत होती. मी पाटी घेऊन मोरीपाशी रडवेली बसले होते. काकी भांडी घासत होती. तिने तीन भांडी माझ्यापुढे मांडली.

“शालन, हा काय?”

“तवा.”

“तो तवा. ही?”

“ती कढई.”

“आणि हे पातेलं. आता तिन्ही काळी झालीत. कशी सांगशील?”

“काळा तवा, काळी कढई, काळं पातेलं.”

“बघ, एकच शब्द, पण ज्याच्या शेजारी बसतो त्याच्यासारखे कपडे घालतो. याला तुझी आई विशेषण म्हणते.”

मला हसू आलं आणि त्या क्षणी विशेषण समजलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या दोन मुलींना घेऊन आले. महिन्याभरात ओट्यावर दहाबारा पोरं जमू लागली. काकी तांदूळ निवडता निवडता त्यांना शिकवायची. एकदा ऊन फार म्हणून पोरं आत बसली होती; आई शाळेतून आली तर घरातून हसण्याचा आवाज येत होता. चपला न काढता ती दाराबाहेरच उभी राहिली. आत प्रयोग चालले होते. कर्तरी, कर्मणी, भावे. हे शिकवताना आईच्या वर्गात निम्मी पोरं पेंगायची.

“क्रियापद कोणाचं ऐकतं ते बघायचं,” काकी सांगत होती. “‘शालन आंबा खाते.’ शालनच्या जागी चंदरला बसवा.”

“चंदर आंबा खातो!”

“म्हणजे क्रियापद खाणाऱ्याचं ऐकतं. तो कर्तरी. आता ‘शालनने आंबा खाल्ला.’ आंबा काढा, पोळी ठेवा.”

“शालनने पोळी खाल्ली!”

“आता ते खाणाऱ्याला विचारत नाही, ताटात काय आहे ते बघतं. तो कर्मणी. आणि ‘शालनने चंदरला मारलं’?”

“चंदरने शालनला मारलं!” चंदर ओरडला.

“काही बदललं का? नाही. ते कोणाचंच ऐकत नाही, एकटंच फुगून बसलंय. तो भावे.”

पोरं खिदळली. आई आत आली तशी सगळी चिडीचूप झाली. “चालू द्या, चालू द्या,” असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि पदराने तोंड पुसत खाटेवर बसून राहिली. पुष्कळ वर्षांनी तिने मला सांगितलं, “एवढं सोपं आहे हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि तिला कोणी शिकवलं होतं?”

त्यातच चंदरची आई कुसाबाई नळावर म्हणाली, “बाई, तुमच्या जावेच्या हाताला गुण आहे हो. आमच्या चंदरला वर्षभर तुमच्या वर्गात बसून कर्ता काय ते कळलं नाही. आता घरात येईल त्याला कर्ता विचारत फिरतो.” आई हसली. घरी येऊन तिने हंडा इतक्या जोरात ठेवला की त्याला पोचा पडला.

त्या आठवड्यात आईने आपलं व्याकरणाचं जुनं पुस्तक उघडलं. पानोपानी पेन्सिलीचे बारीक ठिपके होते.

“हे कोणी काढलं?”

“मी, आक्का,” काकी म्हणाली. “तुम्ही शाळेत गेल्या की वाचते. पान कुठं दुमडलं नाही.”

“विचारायची रीत असते.”

“चुकलं माझं.”

आईने पुस्तक ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. तेवढ्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत तवा आणि कढई घालून ती शाळेत गेली. वर्गात तिने भांडी टेबलावर मांडली, पण पोरं “बाई, आज भाकरी का?” म्हणून हसत सुटली. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. आईने भांडी पिशवीत कोंबली आणि फळ्यावर तक्ता लिहायला घेतला.

घरातला वर्ग पुस्तकावाचूनही चालूच राहिला. पुढच्या वर्षी मी चौथीच्या शिष्यवृत्तीला बसले आणि पास झाले. भाषेच्या पेपरात व्याकरणाचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात विहारात माझा सत्कार ठेवला होता. अध्यक्षांनी मला वही आणि पेन दिलं, मग आईला वर बोलावलं. “अशी आई, अशी शिक्षिका घरोघरी असावी,” असं म्हणून तिच्या हाती फुलं दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

आईने बायकांच्या रांगेकडे पाहिलं. काकी तिसऱ्या ओळीत होती, मांडीवर माझा स्वेटर घेऊन. मला वाटलं, आता आई तिचं नाव घेणार.

“मुलांकडे घरी लक्ष द्यावं लागतं,” आई म्हणाली. “तेवढंच मी केलं.”

टाळ्या पडल्या. काकीनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोरं जमली तेव्हा काकी त्यांना म्हणाली, “आता मोठ्या बाईंकडे बसायचं. मला कामं आहेत.” रुसवा नाही, टोमणा नाही. आईला हवं होतं ते मिळालं. तिने मोठ्या उत्साहाने फळा आणला. दिवाळीपर्यंत मात्र पोरं एकेक करून गळाली आणि समोर मी एकटीच उरले. मला उठून जायला दुसरं घर नव्हतं.

एकोणऐंशीत काकाला मनमाडला रेल्वेची खोली मिळाली आणि ते दोघं गेले. आई आधी म्हणाली, “बरं झालं, जागा मोकळी झाली.” मग आठ दिवस तिला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांनी आम्ही मनमाडला गेलो. काकीच्या दारात चपलांचा ढीग होता. आत वीसेक पोरं होती, रेल्वेतल्या माणसांची. कोणी हिंदी बोलणारं, कोणी अहिराणी. आई मागे भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसली. पोरं गेल्यावर काकीने चहा टाकला.

“झुंबर,” आई म्हणाली, “त्या दिवशी विहारात मी तुझं नाव घ्यायला हवं होतं.”

“तुम्ही घेणार नाही, हे मला माहीत होतं.”

“मग टाळ्या कशाला वाजवल्यास?”

“शालनसाठी वाजवल्या, आक्का. तुमच्यासाठी नाही.”

आईने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ही उठून स्टेशनची वाट धरणार. पण ती बसून राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काकी तिच्या शेजारी जाऊन बसली.

निघताना आईनेच विषय काढला. “बाहेरून दहावीला बस. सतरा नंबरचा फॉर्म मी आणून देते.” तिने फॉर्म आणला, भरला, गणिताचे धडे पत्रातून लिहून पाठवले. पहिल्या खेपेला काकी गणितात गेली. त्र्याऐंशीत पास झाली आणि पुढे तिथल्याच एका बालवाडीत लागली.

निकालाचं पत्र आलं तेव्हा मी घरीच होते. काकीने सगळे गुण लिहिले होते. आई मराठीच्या आकड्यावर थांबली.

“अठ्ठ्याहत्तर,” ती म्हणाली. “मला मॅट्रिकला एकसष्ट होते.”

“आई, जळलीस ना?”

“जळले,” ती म्हणाली. “त्यात काय लपवायचं?”

तिने पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘प्रिय झुंबर, शाब्बास.’ मी ते टाकायला निघाले तर तिने दारातून परत बोलावलं. ‘शाब्बास’वर काट मारली आणि वर बारीक अक्षरात ‘अभिनंदन’ लिहिलं.

“का गं?” मी विचारलं.

“शाब्बास आपल्या हाताखालच्याला म्हणतात,” आई म्हणाली. “जा आता, टपालपेटी उघडायची वेळ झाली.”