गाडीखाली पाठ टेकली तेव्हा

बाबांची देवीवर श्रद्धा आहे. माझी आहे का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, घरी आरतीला टाळ्या वाजवत आले, पण डोळे मिटल्यावर काय मागायचं ते कधी कळलं नाही. गेल्या वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा मी त्यांना बोर्डीहून वेवजीमार्गे पलीकडे गुजरातमधल्या हॉस्पिटलात नेऊ लागले, आमच्या जुन्या व्हॅनमधून. एक पाळी चुकली तरी त्यांचे पाय सुजत, धाप लागे. आणि त्याच दिवसांत व्हॅन मागच्या बाजूने आवाज करू लागली.

त्या आवाजाची भीती होती, पण त्याहून कुतूहल जास्त होतं. मी एक वही केली. रिव्हर्समधून पहिला गिअर टाकला की एकदाच ‘खट’. पन्नासच्या पुढे पायाखाली थरथर. ब्रेक मारला तर काही नाही. दोन गॅरेजमध्ये गाडी दाखवली. ‘कधी येतो आवाज?’ असं विचारलं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळत आणि मी म्हणे, ‘नेहमीच.’ वही पर्समध्येच राही. त्यांनी मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं. आवाज तसाच राहिला.

त्या शुक्रवारी निघण्याआधी बाबा देवघरासमोर बसले होते. मीही बसले. बाबांना बरं कर, असं मागायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते वेगळंच: हा आवाज कुठून येतो, एवढं कळू दे.

वेवजीच्या पुढे अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला. मी गाडी थोडी मागे घेतली, पुन्हा पहिला टाकला, आणि असा दणका बसला की इंजिनच बंद पडलं. मागे चिकूचे क्रेट भरलेला टेम्पो होता. त्यातून साठीचे एक काका उतरले, पाठोपाठ त्यांची बायको.

“बेन, हा आवाज तुझ्या गाडीचा की आमच्या हिचा?”

“माझा असता तर तुम्ही एवढ्या लगबगीनं उतरला नसता,” काकू म्हणाल्या.

काकांनी आवाज कधीपासून येतो ते विचारलं. मी नेहमीप्रमाणे पुटपुटले. तेव्हा मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “अगं, वही दाखव ना त्यांना.”

काका म्हणाले, “मला चष्म्याशिवाय नाय दिसत. तूच वाच.” भर रस्त्यात मी माझी वही मोठ्याने वाचली. मग काकांनी गाडी कडेला सपाट जागी घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, आणि गोणपाट अंथरून मला म्हणाले, “जा खाली. तुझा आवाज, तूच शोध.”

मी आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन माणसं थांबली होती. बाबांच्या पाळीला तासभर उरला होता. मी ओढणी कमरेला बांधली आणि आडवी झाले. वर एक लांब लोखंडी दांडा होता, इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा. काकांनी सांगितलं तसा तो दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे पिळला. पुढचा सांधा गच्च होता. मागच्या सांध्यात ‘खट’ झालं, थेट माझ्या तळहातात. सांध्याभोवती विटकरी भुकटी जमली होती.

“क्रॉस गेला,” काका म्हणाले. क्रॉस म्हणजे सांध्यातला चार हातांचा छोटा तुकडा. “कोरडा पडून गंजलाय. मासळी वाहायची काय ही गाडी?”

वाहायची. आमच्या आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं वरोरहून बर्फातली मासळी नेली होती. मिठाचं पाणी फळीतून त्याच सांध्यावर गळत राहिलं असणार.

काका म्हणाले, “वीसच्या वर जाऊ नको. आम्ही मागे आहोत.” आरशात तो टेम्पो हॉस्पिटलपर्यंत दिसत राहिला. बाबा वेळेत मशीनला लागले. त्या चार तासांत काका चिकू उतरवून नवीन क्रॉस घेऊन आले. दांडा काढण्याआधी दोन्ही भागांवर खूण करायची होती, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. खडू नव्हता. काकूंनी डॅशबोर्डवरची देवीच्या कुंकवाची पुडी उघडली, तेलात बोट बुडवलं आणि दोन रेघा ओढल्या. जुना क्रॉस ठोकून निघाला तेव्हा त्यातल्या बेअरिंगच्या बारीक सुया गंजून त्यांचं पीठ झालं होतं. नवीन बसवताना दांडा मी धरला होता. काकूंनी मला अर्धी भाकरी भरवली, कारण माझे हात ग्रीसने माखले होते.

बाबांना खाली आणेपर्यंत ते दोघं निघून गेले होते. त्यांची नावंही मी विचारली नाहीत. बाबा गाडीत बसले. मी रिव्हर्स टाकला, मग पहिला. दोघंही कान देऊन होतो. ‘खट’ झालंच नाही. बाबा म्हणाले, “देवीनं ऐकलं.”

तिनं ऐकलं की काकांनी, याचा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळतं की महिनोन्‌महिने मी उत्तर मागत होते आणि प्रश्न मात्र पर्समध्ये ठेवत होते. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटायचं. मला ते चार लोकांसमोर धुळीत पाठ टेकून ‘मला येत नाही’ म्हणताना जमलं. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. अजूनही देवघरासमोर बसले की माझ्या मनात आधी प्रश्नच येतात. ते मी तिथे सांगते, आणि मग बाहेर येऊन जो पहिला माणूस भेटेल त्यालाही विचारते.