भर उन्हातला बल्ब

नव्वदच्या दशकात वारूळवाडीला आमच्या यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. माझं माहेर घाटमाथ्यावरच्या आहुप्याचं. तिथं आमच्या घरी वीज नव्हती, आई चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची. लग्नानंतर हे तिथं राहून आले आणि यांच्या डोक्यात भूत शिरलं. म्हणाले, "तुझ्या आईला उन्हावरचा दिवा देतो."

भंगारातली डिश अँटेना आणून तिला आतून आरशाचे तुकडे चिकटवले. बेत असा, की सगळं ऊन पाण्याच्या एका डब्यावर पडणार, वाफेनं चाक फिरणार, चाकाला डायनामो. दिवसा बॅटरी भरायची, रात्री दिवा.

"आणि पावसाळ्यात? आहुप्याला तेव्हा सूर्य दिसतो तरी का?" मी चिडवायची.

"तवा तुझ्या तोंडाकडं बघून लावीन." बोलण्यात कोण हरवणार यांना!

वेल्डरला एक खोड असते. जोडाला बारीक टाका मारताना डोळ्यांपुढची काळी काच बाजूला ठेवायची आणि उघड्या डोळ्यांनी मारायचा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत झालं की बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, सकाळी पुन्हा तेच. उन्हाचा ठिपका डब्यावर बसवतानाही यांनी तेच केलं. काचेतून ठिपक्याची कड दिसत नाही म्हणे. मी ओरडले, रडले, काच हातात कोंबली. "अगं, आपलं रोजचंच हाय," एवढंच उत्तर. घरात मंचरचा बटाटा होताच.

मग एकदा ते बटाट्यानं उतरेना. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं. नजरेच्या मधोमध काळोख राहिला. माझा चेहरा यांना दिसेना, कानातलं तेवढं दिसायचं.

तरी यंत्र सोडलं नाही. धाकट्या दिराकडून आरसे बसवून घेतले. शेवटी एका दुपारी सगळं जोडलं. वाफ आली, चाक कसंबसं फिरलं. हे बल्बपुढं उकिडवे बसले.

"लागला का गं?"

भर उन्हात कळतंय कुणाला! मी पदराचा आडोसा करून वाकून बघितलं. आतली तार काळीच होती. दिरानं मान खाली घातली.

"लागला," मी म्हणाले. "लई झ्याक लागलाय." कुणी काही म्हणो, दुसरं काय बोलणार होते मी?

हे हसले. मग चाचपडत हात पुढं केला आणि बल्ब मुठीत धरला. हात काही पोळला नाही, तसाच धरून बसले.

"लई उजेड पडलाय की," शेवटी म्हणाले. "झालं आपलं काम. झाका आता ती डिश."